बटन दाबाले काय लागते?

साल दोन हजार पंचवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, अन् तू माझ्याहून दीड वर्षानं धाकटा. म्हणजे आधी जायचा मान माझा होता, युनूस. पण मानपान तू कधी पाळलास? ज्याला मी खुर्ची द्यायचो त्याला तू उठवून सतरंजीवर बसवायचास, अन् सतरंजीवरच्याला खुर्चीवर. जाता जाताही तेच केलंस. रांग मोडून पुढं गेलास.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. लोक मला भेटायला येतात, जसा काही मी तुझा सख्खा भाऊ. ओट्यावर टेकतात अन् म्हणतात, "युनूसभाई लय चांगला मानूस होता." मी म्हणतो, "चांगला होता, पण हट्टी होता." तर माझ्याकडे असे पाहतात की मलाच हसू येतं. त्यांच्या मते हट्टी मी. असू दे. तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाजवळ हट्ट नाही राहिला तर राहतं काय? हे लिहितो आहे तेही हट्टानंच. नातीनं वेलांट्या तेवढ्या सुधारल्या, शब्दाला हात लावू दिला नाही.

अमडापूरच्या स्टँडवर माझं बिछायत केंद्र अन् तुझा स्टुडिओ, मधे एक भिंत. खुर्च्या माझ्या, सतरंज्या माझ्या, मागच्या रांगेला उभं करायचे बाक माझे. कॅमेरा तुझा. जिथं माझा मांडव तिथं तुझा फोटू. मी माणसं बसवायचो, तू बटन दाबायचास. लग्न असो, शाळेचा निरोप असो, सरपंचाची निवड असो, लोक म्हणायचे, "शेषराव बसवते, युनूस दाबते." अन् आपलं भांडण तिथूनच सुरू. मी म्हणायचो, "फोटू माहा, बटन तेवढं तुहं. अर्धा अर्धा तास माणसं मी लावतो. बटन दाबाले काय लागते बे? एक बोट लागते."

तू म्हणायचास, "मग तुये धा बोटं काय लोणच्यात घालाले ठेवले? दाब की एक डाव."

मी कधी दाबलं नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं तू बटनाची वायर पुढं करायचास अन् मी हात मागं घ्यायचो. ज्या कामाला मी काम मानत नाही ते मी कशाला करू? असं मी म्हणायचो. आतून भीती होती का, ते तू कधी विचारलं नाहीस. तेवढी माया केलीस.

माझी बसवायची रीत पक्की होती. मधे घरातला सगळ्यात मोठा, त्याच्या उजव्या हाताला जावई, जावयाशेजारी व्याही, बाया डावीकडं वयाप्रमाणं, पोरं खाली. एखादा जावई कोपऱ्यात गेला तर तो रुसणार, जेवणार नाही, अन् त्याचं खापर मांडववाल्यावर फुटणार. हे मला ठाऊक. तुला काय त्याचं! तू कॅमेऱ्यातून पाहायचास अन् ओरडायचास, "शेषराव, तो लंबू मधातून काढ, मांगं घाल! चष्मेवाले काका, मान थोडी खाली. अन् खांदे तिरपे करा ना बाप्पा, पोयातल्या बैलायसारखे काऊन लाइनीत उभे राह्यले?" की गेली माझी अर्ध्या तासाची मेहनत. जावई मागच्या रांगेत, व्याही खाली, अन् कुणाची तरी मुकी काकू मधोमध, का तर तिच्या तोंडावर उजेड चांगला पडतो.

गंमत म्हणजे रुसायचं कुणीच नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

लोणारला शिक्षकांची सहल नेली होती, आपण दोघं त्यांच्यासोबत, ते आठवतं का? सगळ्यांना मागं तळं पाहिजे होतं. तळ्याकडं पाठ करून उभं केलं की ऊन सरळ डोळ्यांत. तू सगळ्यांना अर्धं फिरवलंस. फोटू आला, माणसं एक नंबर, मागं नुसती बाभळीची झाडं. हेडमास्तर भडकले, "अहो, तळं कुठं आहे?"

तू गप चहात पाव बुडवत म्हणालास, "सर, तळं तथीच राह्यते. कधीबी जा, पाहून या. तुमी सारे एका जागी पुन्हा कव्हा येसान?"

हेडमास्तरांनी मग एकाच्या जागी दोन प्रती घेतल्या. मी मात्र घरी येईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. का, तर माणसं मी तळ्यासाठी लावली होती.

अन् जानेफळचं लग्न. आपली जोडी नवीन होती. नवरीकडची चाळीसेक माणसं मी लावली. तू कॅमेऱ्याशेजारी उभा, बटनाची लांब वायर पाठीमागं मुठीत. "हालू नका... हालू नका..." अन् मग मोठ्यानं, "झालं!" झालं ऐकलं की माझं काम सुरू, कारण त्याच खुर्च्या जेवणाच्या पंगतीला लागायच्या. मी धावलो अन् एक खुर्ची उचलली. आठ दिवसांनी फोटू धुऊन आला. मधोमध माझी पाठ, हातात खुर्ची, चाळीस माणसं हसून राहिलेली, अन् नवरीचा आजा गायब.

आजानं फोटू उलटापालटा केला. "हा कोन पाहुना हाय? अन् मी कुठी हाय?"

"तुमी याच्या मांगं हा," तू म्हणालास.

त्या दिवशी बसमध्ये तू मला तुझी चोरी सांगितलीस. "मी झालं म्हनतो तव्हा झालं नसते बे. तव्हाच तं सुरू होते! हालू नका म्हटलं का मानूस लाकडाचा होते. झालं म्हटलं का श्वास सोडते, खांदे पाडते, बाजूच्याकडं पाह्यते. तव्हा दाबाचं. एवढा एकच घास असते, चुकला का गेला." मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "मले ठाऊक होतं. मी मुद्दाम मधात आलो, लोकायनं हसाव म्हनून." तू हो म्हणालास. मरेपर्यंत लोकांना तसंच सांगत राहिलास. "शेषराव मुद्दाम गेला, म्हनून सारे हसले." आज लिहून देतो, युनूस. मुद्दाम गेलो नव्हतो. तुलाही ते ठाऊक होतं, हेही मला ठाऊक होतं.

आता शेवटचं. बुलडाण्याच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझ्या खाटेभोवती आठ-दहा जण उभे होते, रडव्या तोंडाचे. तू डोळे उघडलेस अन् म्हणालास, "अबे, खिडकीपुढं कायले उभे राह्यले? सारा उजेड आडोला. सरका." सगळे सरकले. मला जवळ बोलावलंस.

"शेषराव, पुढच्या रविवारी पापडवाल्या बायायचा फोटू हाय. त्यायच्या नव्या शेडात लावाचा हाय. सतराच्या सतरा बाया एका फोटूत, असा शब्द देला म्या सुमनबाईले."

"तू बरा हो, मंग काढ."

"अन् नाही झालो तं?"

"तं काढतीन त्या मोबाइलवर," मी म्हणालो.

मी हसवायला बोललो होतो. तू हसला नाहीस. भिंतीकडं तोंड केलंस. नर्स आली अन् तिनं मला बाहेर काढलं. शुक्रवारी तू गेलास. आपलं शेवटचं बोलणं ते. एवढी वर्षं मी तुझ्याशी भांडलो, पण त्या भांडणांपैकी एकाही भांडणाचा मला पस्तावा नाही. या एका वाक्याचा आहे. 'मी काढतो' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

जियारतीला, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, सुमनबाई आली होती. पापडाच्या बचत गटाची अध्यक्ष ती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, फोटूचं आता राहू द्या. आमी घेतो मोबाइलवर काढून."

"नाही," मी म्हटलं. "शब्द युनूसचा हाय. येत्या रविवारीच होईन. मी काढतो."

"तुमाले येते?"

"बटन दाबाले काय लागते?" मी म्हटलं. तोंडातून गेलं ते सवयीनं.

भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषापुढं यायचं नाही, म्हणून पडद्याआडून बोलल्या. "भाऊ, सांभाळून. त्या कॅमेऱ्याले त्यायनं मलेबी हात लावू देला नाही." तुझी शबाना मेहकरहून आली आहे, आईजवळ राहणार आहे. तिनं शनिवारी सगळं लावून दिलं. उजेडाचं, अंतराचं, कसलं कसलं. "काका, तुम्ही कशाला हात नका लावू. फक्त दाबा." फक्त! बापाची लेक शोभते.

रविवारी सकाळी शेडसमोर माझ्या खुर्च्या लागल्या. बाया नव्या लुगड्यांत, साड्यांत, केसांत फुलं. मी माझ्या रीतीनं लावायला घेतल्या. मधे अध्यक्ष, शेजारी सचिव, मग वयानं. तेवढ्यात सुमनबाईची सासू, गोदाबाई, काठी टेकत दारातून आली अन् उभी राहिली. ऐंशीच्या वरची बाई. सासू उभी अन् सून खुर्चीवर? माझ्या मांडवात हे कधी झालं नाही. मी सुमनबाईला सरकवलं अन् म्हातारीला मधे बसवलं. मग बोट दाखवत मोजलं. सतरा. बरोबर.

कॅमेऱ्याजवळ गेलो. वायर मुठीत धरली, पाठीमागं, तुझ्यासारखी. "हालू नका... हालू नका..." सतरा लाकडं झाली. मग छाती भरून ओरडलो, "झालं!"

अन् काय सांगू तुला. एवढ्या वर्षांची सवय. झालं ऐकलं अन् माझे पाय निघाले. माझंच तोंड बोललं, माझ्याच कानांनी ऐकलं, अन् मी वायर सोडून पुढं जाऊन कडेची खुर्ची उचलली. बाया उठल्या, पदर सारखे करू लागल्या. सुमनबाई म्हणाली, "आला का, भाऊ, फोटू?"

मी मागं पाहिलं. वायर लोंबकळत होती.

"यायचा हाय," मी म्हटलं.

पहिल्यांदा गोदाबाईला कळलं. "अरे लेका, तू बसवाले आला का उठवाले?" मग जो हशा झाला! कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून. मी ओरडत राहिलो, "सुमनबाई इकडं, सचिवबाई तिकडं," पण कोण ऐकतं? जिला जिथं वाटलं तिथं ती बसली. ज्या दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या दारात जात नाहीत असं मला ठाऊक, म्हणून मी दोन टोकांना ठेवल्या होत्या, त्या एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या टेकल्या. मी काही लावलं नाही. मी पळत गेलो, वायर धरली अन् दाबलं. आणखी एकदा दाबलं.

संध्याकाळी शबानानं तुझ्या मशीनवर मोठा फोटू काढून हातात दिला. तुला खोटं सांगणार नाही, मी फुगलो. सगळ्या हसून राहिलेल्या, डोळा एकीचाही मिटला नाही. शबाना बराच वेळ पाहत राहिली. "काका, अब्बाच्या हातचा वाटते." मग तिनं बोट ठेवलं. "या आजी कोन?"

"गोदाबाई. सुमनबाईची सासू."

"गटात हायेत?"

"नाही. मान म्हनून बसोली."

"मग गटातल्या सतरा कशा झाल्या, काका?"

मी मोजलं. पुन्हा मोजलं. सतराच. म्हातारी सोडून सोळा. अन् मला एकदम चव आठवली, आल्याच्या चहाची. त्या सकाळी मी दोनदा चहा प्यालो होतो. पहिल्यांदा आल्या आल्या, दुसऱ्यांदा फोटू झाल्यावर. दोन्ही वेळा शेडमधून कप घेऊन आली ती रंजना. गटातली सतरावी. आम्ही बाहेर हसत होतो तेव्हा ती आत स्टोवरच्या दुधाजवळ उभी होती. तिच्या हातचा चहा मी प्यालो अन् तिला मोजलं नाही.

शबाना सहज म्हणाली, "अब्बा मोजत नव्हते. ते इचारत, कोन नाही?"

हो. विचारायचास. प्रत्येक फोटूच्या आधी डोकं वर काढून, "कोन नाही? पाहा बरं, कोन नाही?" मला वाटायचं तू लोकांशी बडबड करतोस, वेळ खातोस. मी आपला मोजत राहायचो, किती आहेत. आकडा जमला की खूष. एवढी वर्षं, युनूस, तू माझ्या बाजूला उभा राहून माझं काम करत होतास, अन् मी म्हणत होतो तू फक्त बटन दाबतोस.

बोटाची चूक असती तर मला काही वाटलं नसतं. नवं काम, चुकलं म्हटलं असतं. पण चूक बसवण्यात झाली. माझ्या कामात. अन् ते कुणाला सांगायचं म्हणजे... तुला तर माझा स्वभाव ठाऊक आहे. मी सुमनबाईला फोन लावला अन् आधी दोन मिनिटं पावसापाण्याचंच बोललो. मग सांगितलं.

ती म्हणाली, "आमच्याबी ध्यानात आलं मंग, भाऊ. पन रंजना म्हनते राहू द्या. मी फोटूत नाही तं काय, पापड तं माह्येच हायेत."

म्हणजे सगळ्यांना कळलं होतं अन् माझा मान ठेवायला कुणी बोललं नाही! रुसलेला जावई परवडला, ही माया नाही परवडत. मी चिडलो. "राहू द्या काय? सतराच्या सतरा, असा शब्द हाय. उद्या सकाळी आठ वाजता साऱ्या शेडापुढं पाह्यजेत."

"उद्या सोमवार, भाऊ. बाया वावरात जातीन."

"वावर पळून जाते का? आठ म्हंजे आठ."

फोन ठेवल्यावर जाणवलं, मी तुझ्यासारखाच बोललो होतो. तेवढ्यासाठी तू वरून हसून घे.

सोमवारी सकाळी आठला मी कॅमेरा घेऊन गेलो. खुर्च्या नेल्या नाहीत. बाया रोजच्या लुगड्यांत आल्या, कुणाच्या हातात विळा, कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणी कुरकुर करत, पण आल्या. गोदाबाई आधीच शेडच्या ओट्यावर बसून होती. जशी काही बैठक तिनंच बोलावली. तिला उठ म्हणायची माझी छाती नाही, अन् म्हणायचंही नव्हतं. रंजना आत स्टो पेटवायला निघाली. मी म्हटलं, "चहा नोको. आधी तू बस."

"कुठी बसू, बाबा?"

तोंडावर आलं होतं सांगायचं, उजवीकडून तिसरी. गिळलं. "तुले पाह्यजे तथी."

ती ओट्यावर चढली अन् गोदाबाईच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, दोघींची काही जुनी गट्टी असावी. बाकीच्या तिच्याभोवती. मी वायर धरली. मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही. विचारलं, "पाहा बरं, कोन नाही?"

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग गोदाबाई म्हणाली, "युनूस नाही, बा."

कुणी हाललं नाही. मीही नाही. डोळ्यांपुढं थोडं पाणी आलं असावं, बाया मला धुरकट दिसल्या. म्हातारीच पुढं बोलली. "अन् असता तं मलेच म्हनला असता, गोदाबाई, डोक्यावरचा पदर खाली कर, मांगचीचं तोंड झाकून राह्यलं."

तिनं पदर खाली ओढला. मागं रंजना होती. तिचं तोंड उघडं पडलं, ती लाजून हसली, तिला पाहून बाकीच्या हसल्या, अन् मी दाबलं.